संगणकाची नित्याची कामे व पडद्याची आवश्यकता

शाळेतील संगणकाची कामे दोन प्रकारची असतात. काहींत प्रत्येक वेळी माणसास पाहून निर्णय घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, विद्यार्थ्याच्या नावातील चूक दुरुस्त करणे. काही मात्र ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने करावयाची असतात; उदाहरणार्थ, हजेरीच्या फाईलची रोज दुसरी प्रत काढून ठेवणे. या दुसऱ्या प्रकारच्या कामास पडद्यावरील खिडक्या, चित्रे व बटणे यांची गरज आहे काय?

शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यास याचे उत्तर ठाऊक आहे. विहिरीवरील मोटारीस ऑटो-स्विच बसविला की, रात्री दोन वाजता वीज आली तरी मोटार आपोआप सुरू होते. शेतकऱ्यास उठावे लागत नाही. त्या पेटीस पडदा नसतो, कारण तेथे निवड करावयाची नसते.

संगणकातही अशी योजना फार पूर्वीपासून आहे. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ ही व्यवस्था होती. साध्या फाईलीत एका ओळीवर वेळ व आज्ञा लिहिली की काम होत असे. खिडक्या व चित्रे असलेला मॅकिंटॉश त्यानंतर, १९८४ साली, बाजारात आला. विंडोजमधील ‘टास्क शेड्युलर’ हेच कार्य करतो. वेळ ठरविताना खिडकी उघडली, तरी पुढील काम तिच्यावाचून होते.

लिहिलेल्या आज्ञेचा आणखी एक लाभ आहे. कोणते बटण केव्हा दाबावयाचे, हे एकाच शिक्षकाच्या सवयीत राहते व त्याची बदली झाली की जाते. लिहिलेली आज्ञा मात्र नवा शिक्षक वाचू शकतो.

तथापि, सावधगिरी अवश्य हवी. विहीर आटली असली तरी ऑटो-स्विच मोटार सुरू करतोच, आणि पाण्यावाचून चालून ती जळते. त्याचप्रमाणे पेन ड्राईव्ह काढलेला असला, तर प्रत निघत नाही व कोणास कळतही नाही. ठरल्या वेळी संगणक बंद असेल, तर क्रॉन चुकलेले काम मागाहून करीत नाही. म्हणून वेळ शाळा चालू असतानाची निवडावी, प्रत्येक कामाची तारखेसह नोंद फाईलीत होईल असे करावे, आणि आठवड्यातून एकदा प्रत उघडून तपासावी. वर्षाची हजेरी एकाच फाईलीत असता ही तपासणी टाळणे धोक्याचे होय.

सारांश, काम करण्यास पडदा लागत नाही. ते झाले की नाही, हे पाहण्यास माणूस लागतो. मुख्याध्यापकांनी शाळेतील अशा कामांची यादी करावी व वाचलेला वेळ अध्यापनास द्यावा.