'शक्ती' गेला, पण ठाण्याची पायरी तशीच!
आंध्र प्रदेशच्या २०१९ च्या 'दिशा' विधेयकाच्या धर्तीवर महाराष्ट्राने 'शक्ती' विधेयक आणले. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ते एकमताने संमत केले. फाशी, तीस दिवसांत तपास, असा मोठा गाजावाजा झाला. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची तीच उरली नाही.

आपले काही कार्यकर्तेही हळहळले. मी हळहळत नाही. बालकांवरील गंभीर लैंगिक अत्याचाराला फाशीची तरतूद पोक्सोमध्ये २०१९ पासूनच आहे. शिवाय बाबासाहेबांनी जून १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच रद्द करावी असे मत मांडले होते, हे आपण सोयीने विसरतो. 'शक्ती'त खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा होती. गावगाड्यात बौद्ध, मातंग, आदिवासी मुलीची कोणती तक्रार पहिल्या दिवशी खरी मानली जाते? देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीला सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये खोटे ठरवले, पोलीस सुटले. त्या संतापातून १९८३ चा कायदा आला. खैरलांजीत तर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी लावली नाही. म्हणजे खून झाला, पण जातीमुळे नाही!

बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले? चिमुरड्यांच्या पालकांना फिर्याद नोंदवायलाच तासन् तास ताटकळावे लागले. लोक रुळांवर उतरून फाशी मागू लागले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, त्याच्यावर खटला चाललाच नाही. पोक्सोचे कलम १९ माहिती देणे बंधनकारक करते, कलम २१ लपवणाऱ्याला शिक्षा देते. कायदा होताच ना?

म्हणून कार्यकर्त्यांनी ठाण्यात जाताना हे लक्षात ठेवावे. पोक्सोसोबत ॲट्रॉसिटीची कलमे पहिल्या फिर्यादीतच लावून घ्या. २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार कलम ३(२)(५) साठी पीडिता अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे पुरेसे आहे, म्हणून ओळखीचा उल्लेख जबाबात हवाच. जातीचा दाखला सोबत न्या. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच हवा. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी कलम १५-अ प्रमाणे पीडितेच्या बाजूला नोटीस मिळाली की नाही, ते त्याच दिवशी न्यायालयात विचारा.