भुकेची युक्ती आणि उष्मांकांचा जमाखर्च

भूक मंदावणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता मोठ्या शहरांतील दवाखान्यांपुरती राहिलेली नसून साताऱ्याच्या राजवाडा चौकात आणि सांगलीच्या विश्रामबागेतही तिने चांगलेच मूळ धरले आहे. मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आले, त्यामागोमाग जूनमध्ये वेगोव्ही आले, आणि वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटाची मुदत मार्च 2026 ची असल्याने स्वस्त औषधाकडे डोळे लावून बसलेली मंडळीही थोडीथोडकी नव्हती. किमतींच्या या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. ही औषधे शरीराच्या हिशेबात कोणतीही जादू करीत नाहीत. माणूस कमी खातो म्हणूनच त्याचे वजन उतरते, आणि ते कमी खाणे त्याला सोसवते याचे कारण एवढेच की त्याची भूकच ओसरलेली असते. तेव्हा भूक ओसरण्यासाठी सुईवाचून दुसरी काही तजवीज आहे काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

या प्रश्नाला आजवर मिळालेल्या उत्तरांत सर्वांत विक्षिप्त, आणि म्हणूनच कदाचित माझ्या मनात घर करून बसलेले उत्तर, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या सेथ रॉबर्ट्स यांचे. 2000 साली पॅरिसच्या मुक्कामात, पूर्वी कधीही न चाखलेल्या चवींची गोड शीतपेये प्यायल्यावर आपली अन्नावरची वासना एकाएकी उडाली असे या गृहस्थांच्या ध्यानात आले. आणि पुढे घरी, दोन जेवणांच्या मधल्या वेळात साखरेचे साधे पाणी, किंवा जिला ना चव ना वास अशा ऑलिव्ह तेलाचे एक-दोन मोठे चमचे, घेण्याचा परिपाठ त्यांनी स्वतःवरच चालवून पाहिला. अट एकच: त्याच्या आधी तासभर आणि नंतर तासभर पाण्याखेरीज कशाचीही चव जिभेला लागता कामा नये. सुमारे 16 किलो वजन त्यांनी अशा रीतीने उतरवले. त्यांची उपपत्ती अशी की, शरीर वजनाची एक पातळी मनाशी धरून असते. परिचित चव आणि तिच्या पाठोपाठ येणारे उष्मांक यांचे साहचर्य जितके दृढ, तितकी ही पातळी चढते, आणि चवीवाचून उष्मांक पोटात गेले म्हणजे ती उतरू लागते व भूकही तिच्या मागोमाग निमूटपणे खाली येते. 2006 साली त्यांचे ‘शांग्री-ला डाएट’ हे पुस्तक निघाले, 2014 साली ते निवर्तले, आणि मोठ्या नियंत्रित चाचणीचे पाठबळ त्यांच्या सिद्धांताला अखेरपर्यंत लाभले नाही. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन फेब्रुवारी 2025 मध्ये केले असता, तेल प्या म्हणजे वजन उतरेल असे सांगणाऱ्याकडे लोकांनी संशयाने पाहावे यात नवल नाही. एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग हा पुरावा म्हणून दुबळाच. पण म्हणून त्यामागची कल्पना टाकाऊ ठरत नाही.

कारण चवीला उपाशी ठेवण्याची रीत सांगलीच्या पेठेला परकी नाही. तेथील श्वेतांबर जैन कुटुंबांत चैत्रात आणि आश्विनात नऊ-नऊ दिवसांची आयंबिलाची ओळी चालते. दिवसातून एकदाच, एका बैठकीस जेवायचे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण वर्ज्य. फळे नाहीत, हिरवी भाजी नाही. पानात कोरडी रोटी, नुसते उकडलेले मूग, बिनफोडणीचा भात, आणि प्यायला उकळून निववलेले पाणी. हेतू कर्मनिर्जरेचा असतो, कंबरेच्या घेराचा नव्हे, हे खरे. परंतु बिनफोडणीचे मूग दुसऱ्यांदा मागून घेण्याची वासना फारशी कोणाला होत नाही, ही गोष्ट पंगतीत बसणाऱ्या कोणासही उमजेल. याच्या उलट टोकाला सांगलीचे भडंग. ठेचलेला लसूण तेलात तांबूस होईपर्यंत परतलेला, कढीपत्ता कुरकुरीत झालेला, शेंगदाणे खमंग भाजलेले, तिखट-हळद पडताच उठलेल्या त्या ठसक्यावर चुरमुरे लोटून परात हलवली, की पोट भरलेला मनुष्यही ‘वाईच’ म्हणून हात घालतो आणि तळ दिसेपर्यंत तो हात मागे येत नाही.

मराठी घरांना मात्र भुकेचा बंदोबस्त म्हटले की आठवतात ते डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून उचललेली त्यांची योजना, म्हणजे पंचावन्न मिनिटांच्या आत आटोपायची दोन जेवणे आणि मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, ही आता सर्वांस पाठ आहे; 2018 साली सरकारने त्यांना स्थूलत्वविरोधी मोहिमेचे दूतही नेमले, आणि त्यांची आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्याशी तुलना करणाऱ्या ‘दीक्षित की दिवेकर’ या वादाने त्या काळी कित्येक घरांत उभी फूट पाडली. दर खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते, सबब खाण्याची वेळ दोनदाच येऊ द्यावी, हा त्यांचा मुद्दा. किती खावे यावर मात्र त्यांनी मोजमापाचे बंधन घातले नाही. योजना लोकप्रिय झाली ती याच मुभेमुळे, आणि माझ्या मते तिची गळतीही येथेच आहे. पंचावन्न मिनिटे हा काही थोडका अवधी नव्हे. तेवढ्यात चार भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, तुपाची धार आणि वर कंदी पेढा असे सारे निवांत बसते, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही जुनी म्हण नव्या नावाने खरी ठरते. त्यात आमच्याकडचा आग्रह. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. पंगतीत आग्रह करू नये असा हुकूम काढण्याचे धैर्य मात्र कोणा संस्थानिकास झाल्याचे ऐकिवात नाही.

उलटपक्षी, भुकेची काहीच तजवीज न करता केवळ उष्मांक कापले तर काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 साली मिळाला. आन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे दररोज सुमारे 1,570 उष्मांकांवर ठेवले. त्यांची वजने उतरली खरी, पण जागेपणी-झोपेत अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर? चीनमधील ग्वांगजौ येथील चाचणी 2022 साली प्रसिद्ध झाली. 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर स्त्रियांस 1,200 ते 1,500 आणि पुरुषांस 1,500 ते 1,800 उष्मांकांची मर्यादा घातली, आणि त्यांतील निम्म्यांना शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याची अट घातली. अट पाळणाऱ्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी उतरले, अट नसलेल्यांचे 6.3 किलोंनी, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे वजन उतरवले ते हिशेबाने. घड्याळाचे काम, झालेच तर, तो हिशेब सोसवण्याचे. आणि ज्याला दिवसभर कोणी नोंदवही घेऊन विचारायला बसलेले नाही अशा आपल्यासारख्यांना तेवढी मदतही कमी नाही.

तेव्हा दीक्षितांची दोन जेवणे घ्या, आयंबिलाचा एखादा दिवस पाळा, किंवा हौस असेल तर रॉबर्ट्सांचा चमचाही तोंडात धरा, माझी हरकत नाही. पण खतावणीत सर्व खर्च मांडा. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक. असे दोन घेतले तर 1,500 च्या मर्यादेतील जवळजवळ सहावा हिस्सा संपला, आणि तो फोडणीच्या तेलातून वजा झालाच पाहिजे. दोन-दोन चमचे साखरेचे दिवसाचे चार कप चहा सोडले, तर साखरेपोटीच दीडशेच्या घरात बचत होते; ती शेंगदाण्यांच्या एका मुठीत घालवू नका. आणि जे मधुमेही इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घेतल्यावाचून एकही जेवण सोडू नये. त्यांच्या बाबतीत चुकलेल्या जेवणाने रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.