पदवीच्या वाटा : भाग ७ – कॉम्प्टनचं कॉलेज आणि आपली प्रयोगशाळा

बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलेल्या कुठल्याही मुलाला ‘कॉम्प्टन परिणाम’ टळत नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात, विखुरताना त्यांची तरंगलांबी वाढते, आणि ही वाढ फक्त विखुरण्याच्या कोनावर ठरते. सूत्राची सिद्धता पाच-सहा मार्कांना हमखास येते, म्हणून ती साताऱ्यातही पाठ होते आणि सांगलीतही. १९२३ चा हा शोध, १९२७ चं नोबेल, एवढं बहुतेकांना सांगता येतं. हा आर्थर कॉम्प्टन पदवीला कुठे शिकला, हे मात्र कुणी विचारत नाही. तो हार्वर्डला नव्हता, केंब्रिजलाही नव्हता. ओहायो राज्यातल्या वूस्टर नावाच्या लहान गावात प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनी १८६६ मध्ये काढलेल्या एका कॉलेजात तो शिकला. वडील एलायस कॉम्प्टन तिथेच तत्त्वज्ञान शिकवायचे आणि कॉलेजचे डीनही होते. १९१३ मध्ये आर्थर तिथून पदवीधर झाला.

मागच्या भागात आपण आयसर आणि केंद्रीय विद्यापीठांची वाट पाहिली. या आठवड्याची वाट जुनी आहे, तरी आपल्याकडे तिची चर्चा फारशी होत नाही. ती म्हणजे ख्रिस्ती संस्थेच्या ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजात राहून भौतिकशास्त्र शिकणं. ‘आर्ट्स’ हा शब्द ऐकून दचकू नका. अशा कॉलेजात विज्ञानही असतं आणि गणितही. विद्यार्थी एका विषयात खोल जातो, पण त्यासोबत इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, एखादी परकी भाषा, संगीत यांतलं थोडंफार त्याला शिकावंच लागतं. वर्ग लहान असतात. पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसतात, त्यामुळे प्राध्यापकाला संशोधनात हाताखाली घ्यायला पदवीचीच मुलं मिळतात. माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ या शेवटच्या गोष्टीत आहे. प्रार्थनामंदिर, हिरवळ आणि दगडी इमारती हा वरचा थाट झाला.

कॉम्प्टनचंच उदाहरण घ्या. पदवीला असतानाच त्याने पृथ्वीचं फिरणं प्रयोगशाळेत दाखवण्याची एक युक्ती शोधली आणि १९१३ मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. काचेच्या नळीचं एक मोठं वलय घ्यायचं, त्यात पाणी भरायचं आणि पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग वलय त्याच्याच एका व्यासाभोवती झटकन अर्धा फेरा उलटायचं. पृथ्वीबरोबर फिरण्याची जी गती पाण्यात मुरलेली असते, तिची दिशा वलयाच्या हिशेबाने उलटी होते. त्यामुळे वलय पुन्हा स्थिर झालं तरी आतलं पाणी नळीतून हळूच सरकत राहतं. हे सरकणं सूक्ष्मदर्शकातून मोजलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग काढता येतो, खिडकीबाहेर आकाश बघायची गरजही पडत नाही.

हाच प्रयोग साताऱ्यात केला तर काय होईल? वूस्टर ४०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सातारा सुमारे १७.७ वर. वलय जमिनीला समांतर ठेवून उलटलं तर परिणाम अक्षांशाच्या ‘साइन’वर ठरतो. वूस्टरला ती किंमत ०.६५ येते आणि साताऱ्याला ०.३०, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या वलयात पाणी सेकंदाला जेमतेम ०.०२ मिलिमीटर सरकेल. इथे पुष्कळ मुलं ‘आपल्याकडे हा प्रयोग होत नाही’ असं म्हणून हात वर करतील. पण वलय पूर्व-पश्चिम भिंतीला समांतर असं उभं धरा आणि उभ्या व्यासाभोवती अर्धा फेरा द्या. आता हिशेब ‘कोसाइन’चा होतो. साताऱ्याला ती किंमत ०.९५ आणि वूस्टरला ०.७६. पाण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे या मांडणीत सातारा वूस्टरला मागे टाकतो. नळीच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणाने पाणी लवकर थांबतं, तेव्हा नळी फार बारीक नको. खोलीतल्या तापमानातल्या फरकानेही पाणी आपोआप वाहू लागतं, आणि उभ्या वलयात ही कटकट जास्त, म्हणून पंखा बंद आणि ऊन अडवलेलं हवं. खर्चाची बाब म्हणाल तर काचनळी वाकवणारा कारागीर गाठणं, एवढीच.

हे लांबण लावायचं कारण असं की भौतिकशास्त्राची पदवी कशाला म्हणायचं ते इथे दिसतं. सूत्र पुस्तकातलंच आहे, पण वलय आडवं ठेवायचं की उभं, हे आपल्या गावाच्या अक्षांशावरून ठरवायची सवय लागली पाहिजे. ही सवय लागायला विद्यार्थ्याजवळ बसून वेळ घालवणारा शिक्षक लागतो.

असे शिक्षक भारतातल्या ख्रिस्ती कॉलेजांनीही दिले. कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों हे बेल्जियन जेझुइट धर्मगुरू भौतिकशास्त्र शिकवत. उपकरणं मांडून जाहीर व्याख्यानं देण्याचा त्यांना सोस होता. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकारांनी विज्ञानसंवर्धनासाठी जी संस्था उभी केली, तिच्यामागेही लाफों होते, आणि पुढे त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत रामन यांनी १९२८ चा शोध लावला. दक्षिणेत अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. खुद्द कॉम्प्टन १९२६-२७ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात येऊन राहिला होता. त्याची बहीण मिशनरी नवऱ्याबरोबर हिंदुस्थानातच होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. वूस्टरचं कॉलेज ज्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी काढलं, त्यांच्याच पंथाचं अमेरिकन मिशन कोल्हापूर-मिरज-सांगली पट्ट्यात काम करत होतं. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, त्याला जोडून वैद्यकीय शिक्षण सुरू झालं, वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. सांगलीत मुलांना हातकाम शिकवणारी शाळा निघाली. साताऱ्यात आणि वाईत अमेरिकन मराठी मिशन होतं, आणि रेव्हरंड टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षं साताऱ्यात घालवली. एवढं सगळं झालं, पण पदवीचं ख्रिस्ती कॉलेज सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत रुजलं नाही. इथल्या मुलाला त्यासाठी मुंबईत विल्सन किंवा सेंट झेवियर्स गाठावं लागे, आणि १९४७ नंतर नगरला डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज.

सातारा-सांगलीत कॉलेजं काढली ती दुसऱ्याच लोकांनी, आणि इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. सांगली आणि मिरजेच्या मधोमध विश्रामबागेत १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज उघडलं ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीने. ही लोकमान्य टिळक आणि आगरकर यांची संस्था. तिच्या आजीव सदस्यांनी पोटापुरतं वेतन घ्यावं आणि सगळा वेळ संस्थेला द्यावा, हा सुरुवातीचा दंडक. या त्यागाचा नमुना टिळकांनी घेतला होता जेझुइट धर्मगुरूंकडून. १८९० मध्ये संस्था सोडताना लिहिलेल्या राजीनाम्यात त्यांनी तो उल्लेख केलेला आहे, आणि भांडणाचा एक मुद्दाही हाच होता की सदस्यांनी बाहेर पैसे मिळवावेत की नाही. म्हणजे मिशनऱ्यांच्या धर्मप्रचारावर तुटून पडणाऱ्या माणसाने त्यांच्या शिक्षकाचं राहणं मात्र जसंच्या तसं उचललं. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती कॉलेजातली सर्वांत मोलाची गोष्ट सांगलीत अशी आली.

साताऱ्यात तीच गोष्ट आणखी वेगळ्या वाटेने आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्येच काले या गावी सुरू केली. पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह झालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं ख्रिस्ती कॉलेज आहे. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याने काम करायचं आणि शिकवणीची फी द्यायची नाही, असा नियम आहे. त्याचं तिकडे फार कौतुक होतं. साताऱ्याच्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. रयतेचं विज्ञान कॉलेज, आजचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, १९५८ चं. २०२१ मध्ये तेच प्रमुख धरून साताऱ्यातल्या कॉलेजांचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं.

पालक नेहमी विचारतात ते दोन प्रश्न इथेच उरकतो. ख्रिस्ती कॉलेजात धर्म शिकावा लागतो का? भारतात नाही. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच आहे. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत मात्र आजही चॅपलची हजेरी लागते आणि बायबलचा एखादा अभ्यासक्रम सक्तीचा असतो. तिकडे अर्ज करणाऱ्याने हे आधी वाचून घ्यावं. दुसरा प्रश्न प्रवेशाचा. अल्पसंख्याक संस्थेत काही जागा त्या समाजासाठी राखीव असतात, बाकीच्या सगळ्यांना खुल्या.

इथून पुढचं यंदा बारावी झालेल्यांनी नीट वाचावं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे लिबरल आर्ट्सची रचना आता आपल्या दारातच आली आहे. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह ही भाषा सुरू झाली. भौतिकशास्त्र मेजर घेणाऱ्या मुलीने ओपन इलेक्टिव्ह विज्ञानाबाहेरचं घ्यायचं आहे. शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, आणि चार वर्षं केली की एमएस्सी एका वर्षाची.

कागदावर ही रचना थेट वूस्टरची आहे. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एका प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभर स्वतःचा प्रकल्प करावाच लागतो. आपल्याकडे रचना आली, पण शिक्षकाच्या वेळेचं काय? राज्यभर मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-दोन कॉलेजं सांभाळतात. ज्याचा पुढच्या जूनचा भरवसा नाही, त्याने विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प कसा हाती घ्यायचा? ओपन इलेक्टिव्हही मग ज्या विषयाला शिक्षक मोकळा असेल त्याचं होतं. प्रॅक्टिकलचं दुखणं तर जुनंच आहे. न्यूटनची वलयं असोत, स्पेक्ट्रोमीटर असो की बॅलिस्टिक गॅल्व्हनोमीटर, आधी उत्तर ठरतं, मग त्यावरून रीडिंग ‘बसवली’ जातात. जर्नल स्वच्छ, ग्राफ सरळ रेषेत, सही झालेली. असं जर्नल पाहिलं की मला ग्राफवरच्या चुकलेल्या ठिपक्यांची आठवण येते. मोजणाऱ्याच्या हातून ते पडतातच, आणि ते का चुकले हे सांगता येणं हीच त्या प्रॅक्टिकलची परीक्षा असायला हवी.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. केवळ नावासाठी मुंबईला जाऊ नका, आणि केवळ खर्चाच्या धास्तीने गावातही अडकून राहू नका. दिवंगत भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांनी पदवी पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून घेतली, एमएस्सी आयआयटी मुंबईतून, आणि मग त्या जगभर गेल्या. बीएस्सीनंतर आयआयटीत जायचं तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा सातारच्या मुलाला आणि झेवियर्सच्या मुलाला सारखीच असते. भौतिकशास्त्र शिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेची पदवी पातळीवरची परीक्षा असते, तिला बसावं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम आहे, त्याला अर्ज करावा. निवड झाली की तिथे कॉलेजचं नाव मागे पडतं आणि पुढे तुमचं काम दिसतं.

प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी एक दिवस काढून त्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात जा. गेल्या वर्षीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प दाखवा म्हणावं. प्रॅक्टिकल नसलेल्या दिवशी प्रयोगशाळा उघडून मिळते का, हे लॅब असिस्टंटला विचारा, तो खरं सांगेल. कायम प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती, हेही विचारा. पालकांनी सोबत जरूर जावं, पण प्रश्न मुलामुलींना स्वतः विचारू द्यावेत.