गळकी टाकी : डाग नको, बदलच बरा



बेणे, खत, अवजारे सारे जुन्या पिकअपवरच. टाकीतून डिझेल ठिबकू लागले की आपण साबण घासतो अन् पुढे जातो. साबणाने गाडी घरी येईल, हंगाम निघणार नाही. फडात खाली वाळले पाचट; एक ठिणगी पुरते.

टाकी बुडातूनच का कुजते? अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड. ते तळाशी बसते व पत्रा आतून गंजतो. एक भोक बुजवले की शेजारी दुसरे पडते.

रिकाम्या टाकीला वेल्डिंग मुळीच नको. आत वाफ राहते, टाकी फुटते, माणूस जातो. टाकी बदलावी. गाडी उघड्यावर, विडी-काडी लांब. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये काढावे. पाइप, गेजची वायर सोडून, खालून आधार देऊन मगच पट्टे ढिले करावेत. नव्या टाकीला पट्ट्याखाली रबर, नवे पाइप, क्लिपा, फिल्टर घालावा; लाइनमधली हवा काढावी. पुढे संध्याकाळी टाकी भरून ठेवावी.

आम्ही फडावर येतो ते ऊस बघायला. यंदा गाडीखालीही वाकून बघणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी