झटक्यानंतरची भोवळ

काही वर्षांपूर्वी नेवाशाजवळच्या वस्तीवरून एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, उसाला पाणी देताना अंधारी आली नि बांधावरच पडलो. पित्त झालं असेल. आता ठणठणीत आहे," असे ते म्हणाले. निघता निघता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यांना दोन वर्षांमागं ॲटॅक येऊन गेलाय."

मी त्यांना परत बसवले. ईसीजी काढला. जुन्या झटक्याच्या खुणा होत्या, पण ठोके नियमित होते. तरीही मी त्यांना घरी न सोडता मोठ्या रुग्णालयात पाठवले. का, ते सांगतो.

झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो आणि तिथे व्रण राहतो. प्रवरेच्या पुरात खडकाभोवती पाणी गरगरते, तसा हृदयातला विजेचा संदेश या व्रणाभोवती फिरू लागतो. मग खालचे कप्पे मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धडधडतात. मेंदूला रक्त कमी पडते आणि भोवळ येते. ही लय कधी आपोआप थांबते. कधी मात्र तिची नुसती थरथर होते आणि काही मिनिटांत माणूस दगावतो.

साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. भोवळ येऊन गेल्यावर तो चांगला निघाला, म्हणून धोका टळला असे नाही. यासाठी २४ तास किंवा अधिक काळ ठोके टिपणारे होल्टर यंत्र लावतात. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकते, ते कळते. निरोगी माणसात हे प्रमाण साधारण ५५ ते ७० असते. ते ३५ किंवा त्याहून कमी असेल, तर जिवाला धोका वाढतो. झटक्यानंतर औषधांनी ते सुधारू शकते. म्हणून ४० दिवसांनी इको पुन्हा करावा लागतो. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असल्यास तीन महिन्यांनी. अनेकजण नेमकी हीच फेरी चुकवतात.

आमच्या शेतकऱ्यांचे प्रमाण ३० निघाले. धोक्याची लय ओळखून आतून शॉक देणारे छोटे यंत्र त्यांच्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवले. आज ते पुन्हा उसात उभे आहेत.

घरात कुणाला झटका येऊन गेला असेल, तर त्याची भोवळ पित्तावर ढकलू नका. जुने कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि माणूस कोसळला, हाक मारून उठेना, श्वासही नीट घेईना, तर १०८ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध जोराने, भरभर दाबत राहा.