आधी पाणी, मग तोफ

ड्रेडनॉट काळातल्या जर्मन युद्धनौकेचा काल्पनिक आराखडा काढण्याचा छंद जगभरच्या नौकाप्रेमींना आहे. त्यांतले बहुतेक जण तोफेपासून सुरुवात करतात. ३८ सेंटिमीटरची घ्यावी की ४२ ची, टरेट किती, चिलखत किती जाड, असा हिशेब आधी मांडतात आणि मग त्याभोवती जहाज उभे करतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. जहाजाचा आकार आधी त्याच्या बंदराचे पाणी ठरवते. तोफ, चिलखत आणि वेग यांची वाटणी त्या आकाराच्या आत करावी लागते. हे पटवून घ्यायला थेट जर्मन नौदलाच्या विल्हेल्म्सहाफेन बंदराला जायची गरज नाही. बेलापूरच्या किल्ल्याजवळून आत शिरणारी पनवेलची खाडी सुरुवातीला पुरते.

भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे शिवाजी महाराज लढाऊ जहाजे बांधत असल्याची नोंद १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात आहे. रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता आणि वसईच्या अधिकाऱ्यांनी फूस लावल्यावर आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. तो टिकला असता तरी या खाड्यांमधून मोठी युरोपीय गलेऑन बाहेर पडणार नव्हती. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, भरतीच्या तासांपुरते मिळणारे पाणी, मुखाशी साचलेला गाळ आणि वर पावसाळ्याचे चार महिने जहाज किनाऱ्याला ओढून ठेवण्याची गरज, एवढ्या अटी पाळूनच इथे काय बांधायचे ते बांधावे लागे. त्या अटींतून मराठ्यांची गुराब घडत गेली. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने तिचे जे वर्णन केले आहे, ते एखाद्या नौकास्थापत्याच्या टिपणासारखे नेमके आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने खूप रुंद, पाण्यात फार थोडी बुडणारी, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली आणि पुढे लांब चोच काढलेली नाळ. नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा या नाळेवरून थेट समोर मारा करत. सोबतचे गलबत क्वचितच ७० टनांपलीकडचे, पण ४०-५० वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोरांनी ओढून नेत. अशा वेळी शिडांवर अवलंबून असलेले इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज जागच्या जागी डोलत राही आणि मराठ्यांचे आरमारप्रमुख असलेल्या आंग्र्यांचे आरमार त्याच्या पिछाडीला, म्हणजे जिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी तिथे, येऊन उभे राही. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने खजिना घेऊन येणारे कंपनीचे ‘डर्बी’ जहाज पकडले. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्र’ या मराठी राजनीतीच्या ग्रंथात जहाजे फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, असे बजावले आहे, कारण वाऱ्यावाचून थोर जहाज निरुपयोगी ठरते. मला हे वाक्य काटकसरीचे वाटत नाही. किनारा ओळखणाऱ्या माणसाने घातलेली ती आराखड्याची पहिली अट आहे.

आता उत्तर समुद्राकडे पाहू. जर्मनीची पहिली ड्रेडनॉट ‘नासाऊ’ १४६ मीटर लांब, २६.९ मीटर रुंद आणि सुमारे १८,९०० टनांची होती. तिची डूब, म्हणजे पाण्याखाली जाणारी खोली, नऊ मीटरच्या किंचित आत. १९१८ मध्ये कागदावरच राहिलेला ‘एल २० अल्फा’ हा आराखडा त्या आरमाराच्या स्वप्नांची शेवटची पायरी. त्यात ४२ सेंटिमीटरच्या आठ तोफा, २३८ मीटर लांबी, ३३.५ मीटर रुंदी आणि सुमारे ४४ हजार टन वजन. डूब मात्र नऊ मीटरच. वजन दुपटीहून अधिक झाले, तरी जहाज खाली उतरले नाही, कारण विल्हेल्म्सहाफेनसमोरच्या याडे उपसागरात भरतीच्या हिशेबानेच ये-जा करावी लागे. वाढलेला सगळा भार लांबीत आणि रुंदीत पसरावा लागला. गुराबेच्या सुतारानेही नेमके हेच केले होते. या रुंदीचा जर्मनांना फायदाही झाला. बाजूच्या कप्प्यांना जागा मिळाली आणि पाण्याखालचा मार सोसण्याची ताकद वाढली. १९१६ च्या जटलंड लढाईनंतर ‘झाइडलिट्स’ ही जर्मन युद्धनौका पोटात पाच हजार टनांहून अधिक पाणी घेऊन घरी परतली. पण तिचा पुढचा भाग इतका खाली गेला होता की ती वाटेत रुतली आणि याडेच्या तोंडाशी तिला भरतीची वाट पाहावी लागली. आराखडाकाराने ज्या पाण्यासाठी डूब आखडती घेतली होती, तेच पाणी तिला अपुरे पडले.

यावर पहिला आक्षेप असा की जहाज शत्रूकडे पाहून बांधतात, बंदराकडे पाहून नव्हे. १९०६ ची ब्रिटिश ‘ड्रेडनॉट’ नसती तर ‘नासाऊ’ही नसती, हे खरेच आहे. पण तेच उत्तर देताना दोन्ही देशांची जहाजे सारखी झाली नाहीत. काय हवे ते शत्रूने सुचवले. ते कोणत्या रूपात मिळेल हे मात्र गोद्या, लॉक आणि हाती असलेल्या यंत्रांनी ठरवले. ‘नासाऊ’ची जुन्या पद्धतीची वाफेची इंजिने पोटात इतकी जागा खात की सहा टरेट षट्कोनात बसवावे लागले आणि बारांपैकी आठच तोफा एका बाजूला चालत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी कमी असेल तर खणून वाढवता येते. येतेच. ड्रेडनॉटसाठी कील कालवा १९०७ ते १९१४ या काळात रुंद आणि खोल केला गेला आणि आपल्याकडे न्हावा-शेव्याचा जलमार्ग मोठ्या कंटेनर जहाजांसाठी टप्प्याटप्प्याने खोल होत आला. मात्र खणायला वर्षे लागतात. कील कालव्याची नवी लॉक जून १९१४ मध्ये खुली झाली आणि काही आठवड्यांत युद्ध पेटले. तोपर्यंत जुन्या पाण्याचाच अंमल होता. शिवाय कालवा खणला तरी याडेचा तळ तिथेच राहतो.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र अर्धे मान्य करूनच उत्तर देता येते. घरच्या पाण्यासाठी घडवलेले आरमार घराजवळच अडकते. जर्मन ताफा दूरवर स्कापा फ्लोच्या तळावरून चाललेली ब्रिटिश नाकेबंदी मोडू शकला नाही, आणि गुराबा खोल समुद्रावर राज्य करू शकल्या नाहीत. इथपर्यंत मी सहमत आहे. पण १७५६ च्या विजयदुर्गाचा दाखला देऊन गुराबच टाकाऊ ठरवणे मला पटत नाही. ॲडमिरल वॉटसनच्या मोठ्या जहाजांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार गाठले, तेव्हा ते बंदरात नांगरलेले होते. एका गोळ्याने पेटलेली आग जहाजावरून जहाजावर पसरली आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांचेच सैन्य इंग्रजांच्या सोबतीला उभे होते. गुराबेची सारी ताकद उथळ पाण्यात सरकण्यात, वारा पडला की वळण्यात आणि पाठलाग करणाऱ्याला गाळात नेण्यात होती. त्यांपैकी एकही गोष्ट त्या दिवशी तिला करता आली नाही. त्याआधी १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले होते. तेव्हा कान्होजी आंग्र्यांचा किनारा एकसंध होता, पेशवा बाजीरावाची मदत पाठीशी होती आणि हल्लेखोरांना हात हलवत परतावे लागले होते.