ऑरेगनचा पावसाळी किनारा आणि चाकांवरचें घर

प्रवासाचा हंगाम उन्हाचा आणि पावसाचे दिवस घरीं बसण्याचे, अशी बहुतेक गृहस्थांची समजूत असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यांत या समजुतीस अपवाद असा एक परिपाठ आढळतो. नोव्हेंबर ते मार्च या ऐन पावसाच्या महिन्यांत कांहीं कुटुंबें आपलें घरच बरोबर घेऊन समुद्राकांठीं जातात. हें घर मोटारीवर बांधलेलें किंवा मोटारीमागें जोडलेलें असतें. महाराष्ट्रांत त्याला कॅराव्हॅन म्हणतात, तिकडे आर. व्ही. हें नांव रूढ आहे. निजण्याची जागा, शेगडी, मोरी, शौचकूप आणि पाण्याच्या टाक्या एवढा संसार त्यांत मावतो.

ऑरेगनचा किनारा सुमारें ३६३ मैलांचा. उत्तरेस कोलंबिया नदीच्या मुखाशीं अ‍ॅस्टोरिया, दक्षिणेस कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ ब्रुकिंग्ज, आणि दोहोंना जोडणारा १०१ क्रमांकाचा राजमार्ग. कोंकणांत पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. येथें तो थंडीबरोबर येतो. उन्हाळ्यांत पॅसिफिक महासागरावर अधिक दाबाच्या हवेचा एक विस्तीर्ण प्रदेश ठाण मांडून बसतो व वादळांना उत्तरेकडे वळवितो. हिंवाळ्यांत तो दक्षिणेस सरकतो आणि वादळांची वाट मोकळी होते. किनाऱ्यालगतच डोंगरांची रांग असल्यामुळें बाष्पानें भरलेली हवा वर चढते, थंड होते व पाऊस पाडते. बहुतेक ठिकाणीं वर्षाकाठीं ७० ते ९० इंच पाऊस होतो. रत्नागिरीच्या मानानें हा आकडा लहानच. परंतु हा पाऊस महिनोन्‌महिने, वाऱ्यावर आडवा होऊन येत राहतो. थंडी मात्र बेताची. महासागराची ऊब जवळ असल्यानें किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतें, आणि टाकीतील पाणी गोठण्याची धास्ती फारशी नसते.

उन्हाळ्यांत येथील राज्य-उद्यानांतील मुक्कामाच्या जागा कित्येक महिने आधीं राखून ठेवाव्या लागतात. हिंवाळ्यांत तो खटाटोप पुष्कळच कमी होतो. अनेक उद्यानें बारमाही खुलीं असून तेथें पाण्याची व विजेची जोडणी मिळते. परंतु दिवस लहान असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो जेमतेम पावणेनऊ तासांचा. म्हणून जाणता प्रवासी दिवसाला थोडकेच मैल तोडतो आणि अंधार पडण्यापूर्वीं मुक्काम गांठतो.

या मार्गावरील पूल हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे. पूर्वीं मोठ्या खाड्या तरींतून ओलांडाव्या लागत. १९३६ सालीं कॉन्डे मॅक्कलो या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें पांच मोठे पूल पुरे झाले आणि मार्ग अखंड झाला. न्यूपोर्ट येथील याक्विना खाडीवरचा कमानदार पूल त्यांपैकींच एक. घरगाडीच्या चालकानें मात्र पुलावर शोभेपेक्षां वाऱ्याकडे लक्ष द्यावें. तेथें डोंगराचा किंवा झाडीचा आडोसा नसतो, आणि गाडीची उंच भिंत शिडासारखी वारा धरते. सोसाट्याचा इशारा असेल त्या दिवशीं मुक्काम न हलविणें हेंच शहाणपणाचें. घर बरोबर असल्याचा खरा फायदा तो हाच.

नवख्या प्रवाशास वाटतें कीं पावसाचा त्रास बाहेरून होतो. खरा त्रास आंतून होतो. माणसांचा श्वास, भाताची वाफ, ओले कोट व मोजे यांतील दमटपणा थंड कांचांवर आणि गाद्यांखालीं उतरतो, आणि आठवड्याभरांत बुरशी धरते. यावर उपाय विचित्र वाटेल असा आहे. बाहेर पाऊस असला तरी छताचा झरोका किंचित् उघडा ठेवून आंतली दमट हवा जाऊं द्यावी. ऊब आणण्यासाठीं स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणें तर सर्वस्वीं वर्ज्य. ज्वलनानें वाफ वाढते हें एक, आणि बंद जागेंत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांठतो हें दुसरें. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; म्हणून त्याची सूचना देणारें यंत्र चालू असल्याखेरीज कोणीं निजूं नये. सांडपाण्याच्या टाक्या बहुधा दोन असतात, एक मोरीची व एक शौचकूपाची. त्या नेमलेल्या जागींच रिकाम्या करावयाच्या. प्रथम शौचकूपाची व मागाहून मोरीची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते.

इतका व्याप करून पाहावयाचें काय? पाहावयाचा तो समुद्र. कूस बे शहराजवळ शोअर एकर्स येथें वादळी लाटा तिरप्या खडकांवर आपटून झाडांच्या उंचीपर्यंत उसळतात. केप पर्पेटुआ या सुमारें ८०० फूट उंचीच्या भूशिरावर १९३० नंतरच्या दशकांत बांधलेला दगडी निवारा आहे. तेथून किनाऱ्याची रेषा मैलोन्‌मैल दिसते. डिसेंबरच्या अखेरीपासून करडे देवमासे अलास्काकडून मेक्सिकोच्या उबदार खाड्यांकडे जाऊं लागतात, आणि वारा पडला असतां त्यांचे फवारे किनाऱ्यावरूनहि ओळखूं येतात.

हा समुद्र कोणालाहि पाहतां येतो, यामागें एक झगडा आहे. १९१३ सालीं गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या पुढाकारानें ओल्या वाळूचा पट्टा सार्वजनिक मार्ग ठरला. कोरड्या वाळूचा प्रश्न राहिलाच होता. १९६६ सालीं कॅनन बीच येथील एका हॉटेलमालकानें ती आपल्या पाहुण्यांपुरती अडविली. लोकांत गवगवा झाला, आणि १९६७ सालीं गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या कारकीर्दींत कायदा होऊन झाडी सुरू होते तेथपर्यंतची वाळू वापरण्याचा जनतेचा हक्क मान्य झाला.

हक्क मिळाला तरी समुद्र कायदा जाणत नाहीं. हिंवाळ्यांत लहान लाटांच्या रांगेमागून एखादी लाट अकस्मात् फार पुढें धावून येते. वाळूवर पडलेला ओंडका अढळ वाटतो. पण वीतभर पाण्यांतहि तो तरंगून फिरतो, आणि त्याखालीं सांपडलेला मनुष्य सुटत नाहीं. यासाठीं तेथील लोक मुलांना पहिला धडा देतात तो हा: समुद्राकडे पाठ करूं नये आणि ओंडक्यावर बसूं नये. वादळ पाहावें तें उंचावरून, कुंपणाच्या आंत उभें राहून.

महाराष्ट्रानेंहि २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें, आणि कोंकणाला सुमारें ७२० किलोमीटरांचा किनारा आहे. तेथें घरगाड्या नेणाऱ्यांना ऑरेगनपासून घेण्याजोगें पुष्कळ आहे. सांडपाण्याची नेमलेली जागा, वादळाची वेळेवर सूचना आणि सर्वांना मोकळी वाळू, या तीन गोष्टी असल्या म्हणजे आडहंगामांतला किनाराहि कुटुंबाला सुखानें राहण्याजोगा होतो.